शंभरातल्या चार पेशी

स्वादुपिंडाच्या कर्करोगाची गाठ सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तर तिच्यात कर्करोगाच्या पेशी शोधाव्या लागतात. कित्येक गाठींचा ८० ते ९० टक्के भाग त्यांचा नसतोच. तो असतो कोलॅजेनच्या धाग्यांचा, ते धागे तयार करणाऱ्या आधारपेशींचा, थोड्याफार रक्तवाहिन्यांचा. आपल्याकडे या रोगाचं नाव घरोघरी पोचलं ते मनोहर पर्रीकरांच्या आजारपणामुळे; १७ मार्च २०१९ ला ते गेले. २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे ५ लाख ११ हजार लोकांना हा रोग झाला आणि ४ लाख ६७ हजार माणसं त्याने दगावली. इतकी जवळजवळची जोडी फार थोड्या कर्करोगांत दिसते.

धागे कोण तयार करतं, याचा माग लागला १९९८ मध्ये. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मिनोती आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या स्वादुपिंडातून ताऱ्यासारख्या फाटे फुटलेल्या पेशी वेगळ्या काढून वाढवून दाखवल्या. त्याच वर्षी जर्मनीत माक्स बाखेम यांच्या गटालाही त्या सापडल्या. निरोगी स्वादुपिंड म्हणजे वीतभर लांबीचा, जेमतेम शंभर ग्रॅमचा अवयव. त्यात या ताराकृती पेशी शंभरात साधारण चार. जीवनसत्त्व ‘अ’चे थेंब पोटात बाळगून त्या शांत असतात. शेजारी कर्करोग उगवला, की त्याच्या रासायनिक संदेशांनी त्या जाग्या होतात, थेंब गमावतात, भराभर वाढतात आणि कोलॅजेन ओतत सुटतात. चार टक्के हा आकडा पेशींच्या संख्येचा, ऐंशी-नव्वद हा गाठीच्या आकारमानाचा. दोघांचा थेट भागाकार करता येणार नाही. तरीही एवढ्या थोड्या पेशींनी अवयवाचा चेहरामोहरा बदलावा, हे मला थक्क करतं.

त्याहून चकित करणारा प्रयोग याच सिडनीच्या गटाने २०१० मध्ये प्रसिद्ध केला. उंदराच्या माद्यांच्या स्वादुपिंडात त्यांनी एका स्त्रीच्या कर्करोगपेशी सोडल्या आणि सोबत पुरुषाच्या ताराकृती पेशी. पुढे दूरच्या अवयवांत पसरलेल्या गाठी तपासल्या, तर त्यांत वाय गुणसूत्र सापडलं. मादी उंदरात ते नाही, त्या स्त्रीच्या पेशींतही नाही. म्हणजे कर्करोग परगावी निघाला तेव्हा आधारपेशीही त्याच्याबरोबर गेल्या होत्या.

मग या पेशींचाच नायनाट का करू नये? २००९ मध्ये उंदरांत या पेशींचं आणि धाग्यांचं गाठीतलं आवरण विरळ केलं तेव्हा औषध गाठीत जास्त पोचलं आणि उंदीर जास्त जगले. माणसांवर तोच उपाय फसला. चाचणी थांबवावी लागली. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांत आधारपेशींवर घाला घातला, तर कर्करोग अधिकच उग्र झाला. त्या त्याला खतपाणी घालतात आणि वेसणही घालतात, असं निघालं. आवरणातला चिकट पदार्थ विरघळवणाऱ्या औषधाची ४९४ रुग्णांवर चाचणी झाली. नेहमीच्या उपचाराबरोबर ते मिळालेल्या रुग्णांचं मध्यक आयुष्य ११.२ महिने, न मिळालेल्यांचं ११.५. एवढ्या वर्षांच्या आशेचा हा हिशेब वाचवत नाही.

म्हणून आता प्रयत्न आहे तो या पेशींना मारण्याऐवजी पुन्हा शांत करण्याचा, आणि मला हीच दिशा पटते. लंडनमध्ये हेमंत कोचर यांच्या गटाने रुग्णांना केमोथेरपीबरोबर जीवनसत्त्व ‘अ’पासून होणारं एक औषध दिलं, पेशींनी गमावलेलं त्यांना परत द्यावं, हा विचार. पहिल्या टप्प्यातले रुग्ण होते २७, आणि प्रश्न एवढाच होता, की हे औषध सोसतं का. २०२० मध्ये उत्तर आलं: सोसतं.

हा रोग घडायला लागणारा वेळ मात्र वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१० मध्ये सात रुग्णांच्या गाठींतले जनुकीय बदल मोजून अंदाज बांधला: पहिल्या बिघाडापासून खऱ्या कर्करोगाची पहिली पेशी जन्मायला सरासरी ११.७ वर्षं, तिच्यात पसरण्याची ताकद यायला आणखी ६.८ वर्षं, आणि त्यानंतर रुग्णाच्या हाती उरतात सरासरी २.७ वर्षं.