रजिस्टरचे पान फोल्डरपर्यंत कसे पोचते?

बारावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात एक मागणी हमखास येते. अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय शाखेला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला जात वैधता प्रमाणपत्रासाठी वडिलांची किंवा आजोबांची जुनी नोंद हवी असते. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा ठरतो. हा पुरावा पुष्कळदा शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात असतो. बुलढाणा जिल्हा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, नंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. मेहकर, चिखली, खामगाव, मलकापूर अशा गावांतल्या जुन्या शाळांची काही रजिस्टरे या सगळ्या बदलांच्या आधीची आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही शाळांची जुनी रजिस्टरे बाहेर काढली गेली.

दर वेळी रजिस्टर उघडले की पान थोडे झिजते. यावर उपाय सोपा दिसतो. प्रत्येक पान एकदाच स्कॅन करावे आणि पुढच्या वेळी आधी चित्र पाहावे. आता बऱ्याच कार्यालयांत छपाई, झेरॉक्स आणि स्कॅनिंग करणारे एकच यंत्र असते. त्यावर ‘स्कॅन टू फोल्डर’ अशी सोय असते. बटण दाबले की पानाचे चित्र पेनड्राइव्हशिवाय थेट संगणकातल्या फोल्डरमध्ये जाते. पण पहिल्या दिवशी ते बहुधा जात नाही. पडद्यावर ‘जोडणी झाली नाही’ एवढेच दिसते आणि कारण कळत नाही. मग घाईत सगळी कुलुपे उघडी टाकून काम भागवले जाते. हे टाळायचे असेल तर त्या बटणामागे काय घडते ते समजून घ्यायला हवे.

पानाचे आकडे

यंत्राच्या काचेखाली एक दिवा आणि प्रकाश मोजणाऱ्या बारीक संवेदकांची एक रांग सरकते. पानाचे छोटे छोटे चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनातून किती प्रकाश परत आला ते मोजले जाते. एका इंचात ३०० चौकोन घेतले तर ए-४ आकाराच्या पानावर साधारण २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख चौकोन होतात. रंगीत चित्रात प्रत्येक चौकोनासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, म्हणजे तीन बाइट लागतात. एका पानाची माहिती झाली सुमारे २ कोटी ६१ लाख बाइट, अर्थात २६ मेगाबाइट. यंत्र ती दाबून लहान करते आणि मगच पाठवते. करड्या छटांचे चित्र घेतले तर मूळ माहिती एक तृतीयांश होते. मात्र जुन्या रजिस्टरात काळी शाई, लाल शेरा आणि निळा शिक्का वेगळे ओळखता यायला हवेत, म्हणून रंगीत चित्रच घ्यावे. नाजूक पाने आपोआप ओढून घेणाऱ्या तबकात घालू नयेत. रजिस्टर काचेवरच ठेवावे.

छपाई होते, मग स्कॅन का होत नाही?

हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर दिशेत आहे. छपाईच्या वेळी संगणक माहिती घेऊन प्रिंटरकडे जातो आणि प्रिंटर ती स्वीकारतो. स्कॅनच्या वेळी नेमके उलटे होते. प्रिंटर माहिती घेऊन संगणकाच्या दाराशी येतो आणि आत येऊ देण्याची जबाबदारी संगणकावर पडते. त्यामुळे छपाई व्यवस्थित होते यावरून एवढेच कळते की तार किंवा वाय-फाय ठीक आहे. बाकी चार गोष्टी जुळाव्या लागतात: पत्ता, दार, ओळख आणि भाषा.

पत्ता : नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला १९२.१६८.१.२० अशासारखा आकड्यांचा पत्ता असतो. तो बहुधा राउटर वाटून देतो. वीज गेली आणि परत आली की राउटर कधी कधी संगणकाला दुसराच पत्ता देतो. प्रिंटर मात्र जुन्याच पत्त्यावर जात राहतो. ‘कालपर्यंत चालत होते’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असते. राउटरमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवला की हा प्रश्न सुटतो. संगणक झोपेच्या अवस्थेत गेला असेल तरी प्रिंटरला उत्तर मिळत नाही, हेही लक्षात ठेवावे.

दार : संगणकावर एक फोल्डर तयार करून तो सामायिक करावा लागतो. विंडोजमध्ये नेटवर्क ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेले असेल तर संरक्षक भिंत म्हणजे फायरवॉल बाहेरच्यांना फोल्डरपर्यंत येऊ देत नाही. शाळेच्या स्वतःच्या नेटवर्कसाठी ते ‘प्रायव्हेट’ करावे. या दाराला दोन कुलुपे असतात. एक सामायिक करण्याच्या परवानगीचे आणि दुसरे फोल्डरच्या सुरक्षेचे. दोन्हींपैकी जे अधिक कडक असेल ते चालते, म्हणून एकच उघडून भागत नाही.

ओळख : प्रिंटरसाठी संगणकावर वेगळे, साधे खाते काढावे आणि त्याला पासवर्ड द्यावा. विंडोज पासवर्ड नसलेल्या खात्याला नेटवर्कवरून सहसा आत घेत नाही. संगणक उघडताना आपण जो चार आकडी पिन टाकतो, तोही इथे चालत नाही, कारण तो त्या संगणकापुरताच असतो.

या तीन गोष्टी प्रिंटरला सांगण्यासाठी कार्यालयातल्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकावा. त्याचे स्वतःचे पान उघडते. तिथल्या अ‍ॅड्रेस बुकमध्ये फोल्डरचा मार्ग, खात्याचे नाव आणि पासवर्ड भरायचा असतो. मार्ग लिहिताना आधी दोन उलट्या तिरप्या रेघा, मग संगणकाचे नाव किंवा पत्ता, पुन्हा एक उलटी तिरपी रेघ आणि शेवटी फोल्डरचे सामायिक नाव असा क्रम असतो. नावे छोटी, इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता ठेवावीत.

भाषा : ही सर्वांत कमी माहिती असलेली अडचण. फोल्डर वाटून घेण्याच्या बोलीला एसएमबी म्हणतात. ती १९८० च्या दशकात आयबीएम कंपनीत तयार झाली आणि पुढे तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्या. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने पहिल्या आवृत्तीतल्या एका भगदाडाचा उपयोग करून सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक बंद पाडले. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचे कामही विस्कळीत झाले. हे भगदाड बुजवणारी दुरुस्ती मार्चमध्येच निघाली होती, पण अनेकांनी ती बसवलेली नव्हती. २०१७ च्या अखेरीपासून नव्याने बसवलेला विंडोज संगणक ही पहिली आवृत्ती आपणहून ऐकत नाही. २०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो आणि एज्युकेशन प्रकारांचे संगणक प्रत्येक संदेशावर सांकेतिक सही मागू लागले. जुना प्रिंटर फक्त पहिली बोली बोलत असेल किंवा त्याला सही करता येत नसेल, तर पत्ता, दार आणि ओळख बरोबर असूनही काम होत नाही. नवा संगणक आल्याबरोबर जुने स्कॅनिंग बंद पडते ते यामुळे.

दोष कसा शोधावा?

इथे प्रयोगशाळेतला नियम उपयोगी पडतो: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. त्याच नेटवर्कवरच्या दुसऱ्या संगणकावरून, प्रिंटरला दिलेलेच खाते आणि पासवर्ड वापरून तो फोल्डर उघडून पाहावा आणि त्यात एक फाइल ठेवून पाहावी. फाइल ठेवता आली तर पत्ता, दार आणि ओळख ठीक आहेत. दोष प्रिंटरमध्ये भरलेल्या माहितीत किंवा भाषेत आहे. फोल्डर उघडला पण फाइल ठेवता आली नाही, तर दोन कुलुपांपैकी एक लागलेले आहे. फोल्डर सापडलाच नाही, तर पत्ता आणि फायरवॉल तपासावी. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हा तर्क वर्गात फळ्यावरही सोडवायला देता येईल.

दोष भाषेत सापडला, तर पुष्कळदा सल्ला मिळतो की संगणकावर पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करा, पासवर्ड काढून टाका आणि फोल्डर ‘सर्वांसाठी’ खुला करा. काम लगेच होतेही. पण या फोल्डरमध्ये मुलांची नावे, जन्मतारखा, जाती आणि पालकांचे पत्ते आहेत. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीची वेगळी काळजी घ्यायला सांगितले आहे. कायदा नसता तरी पालकांनी ती माहिती आपल्याकडे विश्वासाने दिली आहे. म्हणून आधी प्रिंटरचे अंतर्गत सॉफ्टवेअर अद्ययावत होते का ते पाहावे. होत नसेल तर प्रिंटर यूएसबी तारेने संगणकाला जोडावा आणि संगणकावरच्या स्कॅनिंगच्या प्रोग्रॅमने चित्र ओढून घ्यावे. मग प्रिंटरला संगणकाच्या दाराशी यावेच लागत नाही. दोन पावले जास्त चालावी लागतील, पण दार बंद राहील.

शेवटी दोन कामे राहतात. यंत्र फाइलला तारीख-वेळेचे नाव देते. त्याऐवजी रजिस्टर क्रमांक, वर्ष आणि पान क्रमांक असे नाव त्याच दिवशी द्यावे, नाहीतर हजार चित्रांत एक पान शोधणे रजिस्टर चाळण्याइतकेच कठीण होईल. आणि सगळ्या फोल्डरची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ती कुलपात ठेवावी. चित्र शोधण्यासाठी असते, पुराव्यासाठी मूळ पानच मागितले जाते. रोजच्या शोधाशोधीतून ते पान सुटले, तर आज पहिलीत असलेल्या मुलाच्या नातवंडांनाही वाचता येईल.