पदवीला भट्टीची आच

रायपूरच्या उत्तरेकडील भनपुरीचे नाव घेताच डोळ्यांसमोर उभे राहते ते लोखंड. येथून उरला, सिलतऱ्यापर्यंत रोलिंग मिल आणि स्पंज आयर्नचे कारखाने पसरले आहेत. याच शहरात १९५६ साली खाणकाम व धातुशास्त्राच्या शासकीय महाविद्यालयाची पायाभरणी झाली. २००५ पासून ती राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था म्हणून ओळखली जाते. विद्या आणि उद्योग असे शेजारी नांदत असले, तरी त्यांची गाठ आपोआप पडत नाही.

रोलिंग मिलमध्ये बिलेट सुमारे १,१०० ते १,२०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून रुळांमधून ओढतात. या तापण्यात पृष्ठभागावरील लोखंडाची हवेशी प्रक्रिया होऊन पापुद्रे सुटतात. साधारणपणे १ ते २ टक्के माल असा वाया जातो. म्हणजे शंभर टनांमागे एक-दोन टन! पुस्तकात ही प्रक्रिया एका समीकरणात आटोपते. भट्टीपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला मात्र हवेचे प्रमाण, तापमान आणि माल आत राहण्याचा वेळ यांची रोज नोंद ठेवावी लागते. त्या नोंदींतून तो शिकतो आणि मालकाचे नुकसानही कमी होऊ शकते.

अशा शिक्षणाला कायद्याचा आधार आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आले. २०१४ च्या दुरुस्तीने इतर शाखांच्या पदवीधरांनाही दार उघडले. म्हणजे भनपुरीतील कारखान्यात वाणिज्य पदवीधरही मालसाठा व हिशेब शिकू शकतो. २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि पदवीधरासाठी किमान मासिक विद्यावेतन ९,००० रुपये ठरले. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण योजनेत किमान विद्यावेतनाचा निम्मा भार केंद्र सरकार उचलते. या योजनेचे मुंबईतील पश्चिम विभागीय मंडळ महाराष्ट्राबरोबरच छत्तीसगडचेही काम पाहते.

चार ते एकोणतीस कर्मचाऱ्यांच्या लहान कारखान्याला ही सक्ती नाही. पण त्याने स्वेच्छेने उमेदवार घ्यावयाचे ठरविल्यास मार्ग मोकळा आहे. अशा उद्योजकाने खर्चाआधी एक प्रश्न स्वतःस विचारावा : या मुलाला शिकविणार कोण? अनुभवी कारागीर मार्गदर्शक म्हणून नेमला नाही, तर उमेदवार केवळ स्वस्त मजूर ठरतो आणि त्याचे वर्ष वाया जाते.

पालकांनीही करार नोंदविलेला आहे ना, विद्यावेतन मुलाच्या बँक खात्यात जमा होते ना आणि अखेरीस प्रमाणपत्र मिळणार ना, याची खात्री करून घ्यावी. तारुण्यातले एक वर्ष ही मोठी ठेव आहे. ती कोठे आणि कोणाच्या हाती गुंतवितो, हे पाहिलेच पाहिजे.