नोकरी सोडून परिक्रमेला निघायचं?

मागच्या महिन्यात भिशीच्या दिवशी आमच्यातली एक ताई म्हणाली, "मी नोकरी सोडते. नर्मदा परिक्रमेला जाते." आमच्या हातातले चहाचे कप हातातच राहिले.

ताई गंगापूरहून रोज पहाटे वाळूजच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाते. त्याला १२ वर्षं झाली. वय ४४. भाऊजी शेती करतात, आणि कापसाचं, कांद्याचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पैसा तो तिच्याच पगाराचा. त्यामुळे एकजण म्हणाली, संसार वाऱ्यावर सोडून कसलं पुण्य? दुसरी म्हणाली, पुरुष वारीला निघाला की पाया पडता, बाई निघाली की हिशोब मागता. आम्हाला दोघींचंही पटलं. मग ठरवलं, हिशोब मांडूनच बघू.

आधी वाटेचं. नर्मदा अमरकंटकला उगम पावते आणि भरूचजवळ समुद्राला मिळते. लांबी १३१२ किलोमीटर. नदी उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता दोन्ही काठ चालायचे, म्हणजे सव्वीसशे किलोमीटर तरी झाले. धरणांच्या फुगवट्यामुळे वाट आणखी लांबते. जुन्या रीतीने परिक्रमेला ३ वर्षं, ३ महिने, १३ दिवस लागतात, कारण चातुर्मासात एका जागी थांबायचं असतं. पण रोज २० किलोमीटर चाललं तर १३० दिवस होतात. आजारपण, विसावा धरून पाच-सहा महिने. म्हणून पुष्कळजण कार्तिकात निघून पावसाळ्याआधी परत येतात. नाशिकच्या भारती ठाकूर यांनी २००५-०६ मध्ये पायी परिक्रमा केली. नोकरी सोडून निमाडात मुलांच्या शिक्षणाच्या कामाला त्या गेल्या, ते त्यानंतर काही वर्षांनी. हा क्रम आम्हाला महत्त्वाचा वाटला.

वाटेवर खर्च फार नाही. आश्रम आणि काठावरची गावं परिक्रमावासीला जेवू घालतात, शिधा देतात. खरा खर्च घरी होतो. ताईच्या घराला महिन्याला किती लागतात, हे आम्ही दोन संध्याकाळी बसून लिहिलं: किराणा, पोराची फी, सासूबाईंच्या गोळ्या, सोसायटीचा हप्ता. सहा महिन्यांचे पैसे वेगळे काढून ठेवल्याशिवाय निघायचं नाही, यावर आमचं एकमत झालं. आल्यावर लगेच काम मिळेलच असं नाही, म्हणून आणखी तीन महिन्यांचे धरा.

आता नोकरी सोडली तर हातात काय येतं? पाच वर्षं सलग नोकरी झालेल्याला ग्रॅच्युइटी मिळते. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज घ्यायची, तिला २६ ने भागायचं, १५ ने गुणायचं आणि मग नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. ताईची बेरीज १३,००० आहे. म्हणजे वर्षाला ७,५०० आणि १२ वर्षांचे ९०,०००. घरी आणतो तो सगळा पगार यात धरू नका, इथेच बायका फसतात. भविष्यनिर्वाह निधीला मात्र शक्यतो हात लावू नये. नोकरी सुटली तरी त्यावर व्याज चालू राहतं. पेन्शनला १० वर्षं लागतात, ती ताईची झाली आहेत. कुणाची थोडी कमी पडत असतील तर आमचं म्हणणं स्पष्ट आहे: तेवढी पूर्ण होईपर्यंत थांबा, नर्मदा कुठे जात नाही.

ईएसआयचं मात्र लक्षात ठेवा. वर्गणी थांबली की काही महिन्यांनी दवाखान्याचा हक्क संपतो, आणि तो घरच्यांचाही संपतो. सासूबाईंच्या गोळ्या त्याच कार्डावर येतात, हे ताईच्या ध्यानातच नव्हतं.

सगळ्यात मोठं नुकसान या आकड्यांत दिसत नाही. ताई आज कायम आहे. परत आल्यावर पंचेचाळिशीच्या बाईला पुन्हा कायम कोण घेणार? ठेकेदाराकडे नव्याने उभं राहायचं, नव्या पोरींच्या पगारावर. हे बोलताना ताई गप्प झाली. म्हणून आम्ही म्हणालो, राजीनाम्याआधी बिनपगारी रजेचा अर्ज दे. लेखी दे आणि पोच घे. फार तर नाही म्हणतील. सरकारी नोकरीतल्या बहिणींना असाधारण रजेची सोय आहे, आणि राज्य सरकारच्या नोकरीत २० वर्षं झाली असली तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्तीही घेता येते. कारखान्यात तसं नसतं. साहेबाच्या मनावर असतं.

रजा तुटपुंजी मिळाली तर खंड परिक्रमाही आहे. जिथे थांबलो तिथूनच पुढच्या वर्षी चालायचं. आणि त्याच्याही आधी पाय किती साथ देतात ते बघावं. गुजरातेत रामपुरा-तिलकवाड्याजवळ नर्मदा उत्तरेकडे वाहते. तिथे चैत्रात उत्तरवाहिनी परिक्रमा असते, साधारण २१ किलोमीटरची. दोन दिवसांच्या सुट्टीत होते. महाराष्ट्रात एसटीने गेलात तर आपल्याला अर्धंच तिकीट, सीमेपलीकडे पूर्ण.

भाऊजींनाही आम्ही विचारलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "जाऊ द्या तिला. पण कापूस वेचायच्या दिवसांत नको." कार्तिकात निघायचं म्हटलं तर तेच दिवस येतात. आमच्या गटातल्या चौघीजणी म्हणाल्या, आम्ही येतो वेचायला. रोज मात्र घेऊ.

ताईने सोमवारी रजेचा अर्ज दिला. उत्तर अजून आलेलं नाही. चैत्रात ती रामपुऱ्याला जाते आहे, आमच्यातल्या दोघी सोबत आहेत. सध्या तिघी मिळून संध्याकाळी कायगावच्या रस्त्याने चालायला जातात. आपल्याकडे गोदावरीलाही गंगाच म्हणतात, तेव्हा सुरुवात तिच्याच वाटेने.