पिशवीचं अस्तर आणि पोटाचा घेर

सोनोग्राफीच्या रिपोर्टात खाली एक ओळ असते: 'ईटी १२ एमएम'. ती वाचून बाई घाबरते आणि नवरा मोबाइलवर शोधायला बसतो. ईटी म्हणजे गर्भाच्या पिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी. पाळी संपल्या संपल्या हे अस्तर दोन-चार मिलिमीटर असतं, पुढची तारीख जवळ आली की दहाच्या वर जातं आणि मग गळून पडतं. पाळी चालू असलेल्या बाईचा आकडा तारीख विचारल्याशिवाय वाचूच नये. आयुष्यात सुमारे ४०० वेळा अशी बांधणी आणि पाडापाडी होते. मुंबईतल्या रीडेव्हलपमेंटवाल्यांनी शिकवणी लावावी!

इस्ट्रोजेन अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. पाळी गेली की बीजकोश दुकान बंद करतात. चरबीचं दुकान मात्र चालूच राहतं. तिथे अरोमाटेज नावाचं एन्झाइम असतं, ते अँड्रोजेनचं इस्ट्रोजेन करून देतं. आवर घालणारं प्रोजेस्टेरॉन या दुकानात मिळत नाही, खरी गोची तिथेच आहे.

त्यात इन्सुलिनची भर. इस्ट्रोजेनला रक्तात धरून ठेवणारं एक प्रथिन यकृत बनवतं. इन्सुलिन चढं राहिलं की यकृत ते कमी बनवतं आणि इस्ट्रोजेन मोकाट सुटतं. शिवाय इन्सुलिन स्वतःही अस्तराला 'वाढ' म्हणतंच. पीसीओडीत पाळी तीन-तीन महिने येत नाही तेव्हा 'बरंय, कटकट नाही' असं वाटतं खरं. पण आत अस्तर थरावर थर चढवत असतं, आणि असं बेलगाम वाढलेलं अस्तर कधी कधी कॅन्सरपर्यंत जातं.

लठ्ठपणाशी नातं असलेले कॅन्सर किती? जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ मोजले. त्यांत सगळ्यात घट्ट नातं या अस्तराच्या कॅन्सरचं निघालं. बीएमआय ४० च्या पुढे असेल तर धोका सुमारे सातपट.

'मी तर बारीक आहे' म्हणणाऱ्यांसाठी एक पुणेरी किस्सा. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेपही कामाचा. बायकांच्या कमरेची मर्यादा ८० सेंटीमीटर.

कॉफीवाल्यांना खूशखबर: कॉफी पिणाऱ्या बायकांमध्ये या कॅन्सरचा धोका कमी दिसतो, कॅफीन काढलेली कॉफी असली तरी. चहाचं नाव तिथे नाही. (हे वाक्य मी चहाचा दुसरा कप घेत लिहितोय.)

आता सगळं खापर चरबीवर फोडायला निघालात तर एंडोमेट्रिओसिस आडवा येतो. यात अस्तरासारखी ऊती पिशवीबाहेर रुजते आणि पाळीत जीव नकोसा करते. हा आजार उलट सडपातळ बायकांमध्ये जास्त सापडतो. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही.

पाळी जाऊन दोन वर्षं झाली आणि एक दिवस कपड्यावर डाग दिसला. काकू हसून सांगतात, "अगं, परत तरुण झाले!" अशा दहा काकूंपैकी साधारण नऊ जणींचं कारण साधं निघतं. दहावीसाठी मात्र ताबडतोब तपासायचं. पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणून सुटलो असंही नाही, ती तपासणी पिशवीच्या तोंडाची. आतल्या अस्तरासाठी आधी सोनोग्राफी, आणि या वयात जाडी चार मिलिमीटरच्या वर गेली की तुकडा तपासायचा. पूर्वी त्यासाठी भूल देऊन क्युरेटिंग करायचे. आता बहुतेक वेळा शहाळ्यातल्या स्ट्रॉपेक्षा बारीक नळी पुरते. कळ येते, पण काही मिनिटांत काकू ओपीडीतून चालत बाहेर.