नवा खुबा हाडात रुजतो कसा?

खुब्याचा सांधा बदलल्यावर अनेकदा दुसऱ्याच दिवशी पेशंटला वॉकर देऊन चालवतात. नव्या सांध्याला शरीराचं वजन इतक्या लवकर कसं पेलतं? तरुणांमध्ये बहुधा सिमेंट न लावता धातूची दांडी मांडीच्या हाडात ठोकून बसवतात. सुरुवातीला ती पाचरीसारखी नुसती आवळून टिकते. मग तिच्या खरखरीत, सच्छिद्र पृष्ठभागात नवं हाड शिरू लागतं; पकड पक्की व्हायला साधारण 6 ते 12 आठवडे जातात. स्नायूंना ताकद यायला त्याहून जास्त. पुन्हा धावपळ सुरू करायची खरी घाई तरुणांनाच होते, कारण जुनी वेदना लवकर थांबते. पण दुखणं थांबलं म्हणून फिजिओथेरपी सोडू नका, आणि धावण्याआधी सर्जनला जरूर विचारा.