सावित्रीच्या काठची पलटण

मराठा लाइट इन्फन्ट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ मध्ये मुंबई बेटावर उभी राहिली. ईस्ट इंडिया कंपनीच्या ठाण्यांचे रक्षण हे तिचे काम. तीच पुढे ‘जंगी पलटण’ झाली; पाठोपाठ उभारलेली दुसरी ‘काळी पाचवी’ म्हणून ओळखली जाते. रेजिमेंटचे केंद्र आज बेळगावात आहे, पण तिच्या भरतीची एक जुनी मुळी मुंबईच्या दक्षिणेला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात रुजलेली आहे. १९८१ पासून हा जिल्हा रायगड म्हणून ओळखला जातो.

कोकणी मराठा शिपाई फौजेत गेला तो मुख्यतः पोटासाठी, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्यामुळे त्याच्या शौर्याला उणेपणा येत नाही. महाड, पोलादपूर, माणगाव या भागात जमीन डोंगरउताराची, तुकड्यातुकड्यांची. पावसाळी भात आणि वरकस जमिनीवरची नाचणी-वरी घरादाराला वर्षभर पुरत नसे. सावित्री नदीच्या खाडीवरच्या दासगाव बंदरातून बाणकोट आणि तिथून आगबोटीने मुंबई, ही वाट गिरणीत जाणाऱ्याची तशी पलटणीत जाणाऱ्याचीही होती. दरमहा येणारी मनीऑर्डर आणि निवृत्तीनंतरचे पेन्शन यांवर गावे उभी राहिली. महाड तालुक्यातल्या आंबवड्याच्या नावामागे तर ‘फौजी’ हा शब्द कायमचा लागला. पिढ्यान्‌पिढ्या घरटी एक तरी जवान, अशी त्या गावाची ख्याती आहे.

पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली आणि वेढ्यातून वाचलेल्यांच्या वाट्याला तुर्कांची कैद आली. १९२२ च्या पुनर्रचनेत ११० वी पलटण पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन झाली. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे याच बटालियनमध्ये नाईक होते.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सारे ठार किंवा जखमी झाले. ते एकटेच मोर्च्यावर धावून गेले. हातबॉम्बने मशीनगन निकामी केली आणि ती चालवणाऱ्याला गारद केले, टॉमीगनने आणखी एकाला टिपले. मॅगझिन बदलायला उसंत नव्हती. त्यांनी तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठार केले. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत घुसल्या. वय अवघे बावीस. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात तहसील कचेरीसमोर त्यांचा पुतळा आहे आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले गेले. त्यांची तिसरी बटालियन स्वातंत्र्यानंतर छत्रीधारी दलात गेली. आजची २ पॅरा ती हीच.

रेजिमेंटच्या परंपरेतही हा मुलूख आहे. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही तिची युद्धघोषणा १९४१ मध्ये इरिट्रियातल्या केरेनच्या लढाईपासून रूढ झाली. महाराजांची राजधानी आणि समाधी याच जिल्ह्यात. ४ फेब्रुवारीचा ‘मराठा दिवस’ कोंढाणा सर केल्याच्या आठवणीचा, आणि त्या लढाईत पडलेले तानाजी मालुसरे पोलादपूरजवळच्या उमरठचे.

याच मातीतले महार शिपाईही मुंबई फौजेत पिढ्यान्‌पिढ्या लढले होते, आणि त्यांना सोडून हा इतिहास सांगणे अन्यायाचे ठरेल. १८९० च्या दशकात सरकारने त्यांची भरती थांबवली. महाडजवळच्या रावढळचे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध लष्करी अधिकाऱ्यांकडे अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात १११ वी महार पलटण उभी राहिली, पण युद्धानंतर मोडली गेली. स्वतंत्र महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी स्थापन झाली, तीही बेळगावातच.