मुलांच्या पावलाने नागपूर

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे वसलेला झरी जामणी हा तालुका नागपूरपासून दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. कापूस, तूर आणि ज्वारी पिकविणारी गावे, सागाची जंगले, कोलाम बांधवांचे पोड आणि मुकुटबन भागातील चुनखडी, असे या तालुक्याचे स्वरूप. दक्षिणेला नदी ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा लागतो. अशा गावांतील कुटुंबाला नागपूर माहीत नसते असे नाही. पण तेथे जाणे घडते ते दुखणे बळावले म्हणून, कचेरीत काम अडले म्हणून, फार तर लग्नाच्या खरेदीसाठी. लहान मूल बरोबर असलेच तर बहुधा तेच रुग्ण असते. त्यामुळे येथील अनेक बालकांना शहराची पहिली ओळख होते ती ‘मेडिकल’ किंवा ‘मेयो’च्या ओसरीवर, औषधांच्या वासात आणि रांगेत. शहर म्हणजे सुई, अशी त्यांची समजूत झाली तर तो त्यांचा दोष नव्हे.

हेच शहर मुलाने आनंदासाठी, दोन दिवस निवांत पाहिले तर ही समजूत बदलते. पुढे शिक्षणासाठी वा नोकरीसाठी त्याच शहराकडे जाण्याची वेळ आली, की अशी जुनी ओळख उपयोगी पडते. मात्र त्यासाठी सहलीची आखणी मोठ्यांच्या सवडीने न करता मुलांच्या पावलाने केली पाहिजे. चार-पाच वर्षांचे मूल एका सकाळी एकच गोष्ट मनापासून पाहते. दुसरी गोष्ट ते पालकांच्या आग्रहाखातर पाहते आणि तिसऱ्या ठिकाणी रडते. “इतक्या लांब आलोच आहोत तर सारे पाहून घेऊ” या विचाराने बहुतेक सहली बिघडतात. काय पाहायचे याची यादी कोणीही करू शकतो. काय सोडायचे हे ठरविणे म्हणजेच खरी आखणी होय.

दिवस कोणते निवडावेत

विदर्भाचा उन्हाळा लक्षात घेता एप्रिल व मे हे महिने वर्ज्य समजावेत. मे महिन्यात नागपूरचा पारा अनेकदा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि त्या उन्हात लहान मुलांना फिरविणे धोक्याचे असते. शाळेची मोठी सुट्टी नेमकी याच काळात येते. दिवाळीच्या सुट्टीत हवा चांगली असते, परंतु तेव्हा कपाशीची वेचणी सुरू झालेली असते आणि घरातील एकही माणूस शेत सोडू शकत नाही. डिसेंबरात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरण्याची प्रथा आहे. १९५३ च्या नागपूर कराराशी जोडलेली ही प्रथा विदर्भाच्या दृष्टीने महत्त्वाची असली, तरी त्या दिवसांत निवासाच्या खोल्या मिळणे कठीण होते. मोर्चे आणि बंदोबस्त यांमुळे सीताबर्डी, सिव्हिल लाइन्स या भागांतील रस्तेही अडतात. विजयादशमीच्या सुमारास दीक्षाभूमीवर लाखोंचा समुदाय लोटतो. त्या सोहळ्यासाठी जाणारे श्रद्धेने जातात, परंतु निवांत सहलीला ते दिवस सोयीचे नाहीत.

उरतो तो संक्रांतीपासून होळीपर्यंतचा काळ. वेचणीचा जोर ओसरलेला, ऊन सोसवेल असे, बाजारात संत्री आणि कुटुंबाच्या हातात कापसाचे चार पैसे. शनिवारला जोडून एखादी सुट्टी आली तर शाळाही फारशी बुडत नाही. मात्र संग्रहालयांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशीही काही बंद राहतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. बंद दारापुढे मुलाची समजूत घालणे हे कोणत्याही पालकाला अवघडच.

वाटेवरचा दिवस

झरीहून नागपूरला जाताना बहुधा पांढरकवडा किंवा वणी येथे गाडी बदलावी लागते. पांढरकवड्याकडील वाट वडकी, हिंगणघाटवरून आणि वणीकडील वाट वरोऱ्यावरून जाते. जाम येथे दोन्ही वाटा एकत्र येतात. राज्य परिवहन महामंडळाच्या गाडीत पाच वर्षांखालील मुलांना भाडे नाही आणि त्यापुढे बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट पडते. मार्च २०२३ पासून महिलांना भाड्यात ५० टक्के सवलत मिळू लागली. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत झाला. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा सोबत ठेवावा. या सवलतींमुळे आजी-आजोबांना बरोबर नेणे पूर्वीइतके जड राहिलेले नाही. आजी बरोबर असणे हे मुलाच्या दृष्टीने मोठेच सुख; आई-वडील तिकिटे आणि सामान पाहतात तेव्हा मुलाचा हात धरणारे कोणी तरी मोकळे असते.

बसमध्ये मळमळणे ही लहान मुलांची नेहमीची तक्रार. निघताना तेलकट खाऊ घालू नये, पण रिकाम्या पोटीही नेऊ नये. शक्यतो पुढील बाजूच्या आसनावर बसवून दूरवर पाहण्यास सांगावे. दशमी, गुळपोळी, केळी, मुरमुरे हा शिदोरीचा जुना प्रकार आजही उत्तम. अगदी लहान मुलांना चालत्या गाडीत शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, कारण हिसका बसताच दाणा श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. घरचे उकळून गार केलेले पाणी पुरेसे घ्यावे आणि जलसंजीवनीची दोन पाकिटे पिशवीत असू द्यावीत.

आणखी एका बाबीचा येथे मुद्दाम उल्लेख केला पाहिजे. विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत सिकलसेल या रक्तविकाराचे प्रमाण अधिक आहे. असा विकार असलेल्या मुलाला सहलीपासून दूर ठेवण्याचे कारण नाही. मात्र पाणी कमी पडणे, थंडी लागणे आणि अतिश्रम या तिन्ही गोष्टींनी त्याच्या वेदना उफाळू शकतात. त्याचे तपासणीचे कार्ड व नेहमीची औषधे बरोबर असावीत, अंगात उबदार कपडे असावेत आणि त्याने तहान लागल्याचे सांगण्यापूर्वीच त्याला पाणी द्यावे. निघण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रात एकदा विचारून घेतले म्हणजे मन निश्चिंत राहते.

प्रवासाच्या दिवशी अन्य काही ठरवू नये. मुक्काम गणेशपेठ बसस्थानक किंवा सीताबर्डीच्या आसपास असावा, म्हणजे पुढील फिरणे थोडक्यात होते. दुपारी मुलांना झोपू द्यावे. संध्याकाळी गांधीसागर तलावाकाठी चक्कर मारली तरी पुरे. याला शुक्रवारी तलाव असेही म्हणतात. नागपूर शहर वसविले ते देवगडच्या गोंड राजाने, बख्त बुलंदने, अठराव्या शतकाच्या आरंभी. झरी जामणीतील गोंड कुटुंबाने आपल्या मुलाला ही हकीकत या तलावाच्या काठावर बसून सांगावी.

एक सकाळ, एक ठिकाण

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराजबाग. भोसल्यांच्या काळातील ही बाग आज कृषी विद्यापीठाकडे आहे आणि तेथील प्राणिसंग्रहालय एकोणिसाव्या शतकातील आहे. टिपेश्वरच्या जंगलाशेजारी राहणाऱ्या मुलांना वाघाचे नाव नवे नसते. त्याच्या भीतीने मोठी माणसे सांजेआधी शेतातून परततात हे त्यांनी पाहिलेले असते. तो वाघ निर्धास्तपणे पाहता येणे ही त्यांच्या दृष्टीने वेगळीच गोष्ट ठरते. सकाळच्या गारव्यात प्राणी हालचाल करतात, ऊन चढले की पडून राहतात. म्हणून लवकर जावे आणि मुले दमण्यापूर्वी निघावे. शहराच्या कडेला गोरेवाडा येथे जानेवारी २०२१ मध्ये मोठे प्राणिउद्यान सुरू झाले असून तेथे वाहनातून फिरविले जाते. ते पाहावयाचे असेल तर त्यासाठी वेगळा अर्धा दिवस राखावा. दोन्ही एकाच दिवशी करू नयेत.

महाराजबागेपासून जवळच मध्यवर्ती संग्रहालय आहे. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या या वास्तूला नागपूरकर ‘अजब बंगला’ म्हणतात आणि मुलांना हेच नाव सांगावे. पशुपक्ष्यांचे नमुने, शस्त्रे, शिल्पे, शिलालेख अशी अनेक दालने येथे आहेत. साऱ्या दालनांतून मुलांना ओढत नेण्यात अर्थ नाही, दोन निवडावीत. त्यांपैकी एक आदिवासी कला व जीवनाचे असावे. पोडावरील मूल येथे आले, की काचेमागील एखादी वस्तू त्याला घरातील वाटण्याचा संभव आहे. इतर ठिकाणी मोठी माणसे समजावून सांगतात आणि मूल ऐकते. येथे ते स्वतः सांगू लागले तर कोणी घाई करू नये. ते कोलामी किंवा गोंडीत सांगत असेल तर त्याच भाषेत सांगू द्यावे.

मुलांना आवडणारी आणखी एक जागा पुस्तकांत सहसा स्थळ म्हणून नोंदलेली नसते. ती म्हणजे मेट्रो. मार्च २०१९ मध्ये तिचा पहिला टप्पा प्रवाशांना खुला झाला आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या प्रकल्पाच्या दोन्ही मार्गिका पूर्ण झाल्या. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणाऱ्या या मार्गिका सीताबर्डी स्थानकात एकमेकींना छेदतात. उंचावरून शहर पाहत, सरकत्या जिन्याची गंमत अनुभवत तासभर जातो आणि पायही दुखत नाहीत. जिन्यावर मात्र मुलाचा हात सोडू नये. लुगड्याचा किंवा साडीचा काठ आवरून धरावा. जिन्याची भीती वाटणाऱ्या आजीसाठी लिफ्ट असते. ‘झिरो माइल’ स्थानकाजवळ चार घोड्यांच्या मूर्ती असलेला दगडी खांब आहे. ब्रिटिश राजवटीतील त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही खूण. मुलांचे लक्ष खांबाकडे न जाता घोड्यांकडे जाईल, आणि त्यात काही बिघडत नाही.

आगगाडीचे वेड असलेल्या मुलासाठी मोतीबाग येथील अरुंद रुळांच्या रेल्वेचे संग्रहालय आहे. डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेल्या या जागेत जुनी इंजिने व डबे जवळून पाहता येतात. यवतमाळ-मूर्तिजापूर मार्गावर पूर्वी धावणाऱ्या, आता बंद पडलेल्या ‘शकुंतले’त बसलेले आजोबा बरोबर असतील तर येथे माहिती सांगणारा वेगळा माणूस नको.

तिसऱ्या दिवशी परतायचे असल्याने गणेशपेठजवळचे रमण विज्ञान केंद्र सकाळसाठी सोयीचे. चंद्रशेखर वेंकट रमण यांनी तरुणपणी काही काळ नागपुरात सरकारी हिशेब खात्यात नोकरी केली होती. त्यांच्या नावाचे हे केंद्र मार्च १९९२ मध्ये सुरू झाले. येथे वस्तूंना हात लावण्यास, कळ फिरविण्यास, चाक ओढण्यास मुभा आहे. ‘हात लावू नको’ हे शब्द दोन दिवस ऐकलेल्या मुलाला यासारखा दिलासा नाही. आवारात प्रागैतिहासिक प्राण्यांच्या मोठ्या प्रतिकृती आहेत. तारांगणाचा खेळ मात्र अंधारात चालतो. चार वर्षांखालील मूल तेथे घाबरण्याचा संभव असतो, म्हणून एका पालकाने त्याला घेऊन बाहेर बागेत थांबणे बरे.

खाणे, गर्दी आणि खर्च

नागपूरचे तर्री पोहे व सावजी रस्सा प्रसिद्ध असले तरी दोन्ही तिखट. मुलांसाठी वरणभात, दहीपोळी, इडली हेच योग्य. उघड्यावरचे सरबत आणि बर्फाचे गोळे टाळावेत. संत्री सोलून द्यावीत. जेवणाची वेळ घरी असते तीच ठेवावी, कारण भूक आणि झोप यांच्या वेळा चुकल्या की उत्तम स्थळही मुलाला नकोसे होते.

सीताबर्डीच्या मुख्य रस्त्यावर सायंकाळी फार गर्दी असते. मुलाच्या खिशात पालकांचे नाव, गाव आणि भ्रमणध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. हरवल्यास जेथे आहे तेथेच उभे राहावे आणि गणवेशातील माणसाला सांगावे, हे घरीच एक-दोनदा खेळ म्हणून करून घ्यावे. घरी केवळ कोलामी किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलाला आपले नाव व गाव मराठीत सांगता येणे विशेष गरजेचे. बालकांसाठी १०९८ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक विनाशुल्क आहेत.

वर सांगितलेली बहुतेक ठिकाणे विनामूल्य किंवा अल्प शुल्कात पाहता येतात. मोठा खर्च होतो तो निवास व भाड्यावर. दोन शेजारी कुटुंबे मिळून निघाली तर रिक्षाचे भाडे वाटले जाते आणि मुलांना सोबतही मिळते. तान्ही मुले असतील, किंवा तीन दिवस शेत सोडणे शक्य नसेल, तर नागपूरचा आग्रह धरू नये. चंद्रपूर जवळ आहे, गोंड राजांनी बांधलेला तेथील परकोट व दरवाजे एका दिवसात पाहून होतात.

परतीची गाडी दुपारी उशिरा पकडू नये. नागपूरहून पांढरकवड्यापर्यंत गाड्या मिळत राहतात, पण तेथून गावाकडे जाणारी शेवटची गाडी चुकली तर झोपलेले मूल खांद्यावर घेऊन स्थानकावर रात्र काढावी लागते. तिची वेळ जातानाच विचारून लिहून ठेवावी आणि विज्ञान केंद्रातून त्या हिशेबाने निघावे.